ओला कचरा आम्ही जिरवतो, मग बिल सारखंच का? महापालिका आयुक्त आणि नगरसेवकांना खुलं पत्र

मा. आयुक्त आणि सर्व सन्माननीय नगरसेवक,
सप्रेम नमस्कार.

यंदाच्या घरपट्टीच्या बिलात दोन बदल आहेत. 'उपयोगकर्ता शुल्क' म्हणून महिन्याला 60 प्रमाणे वर्षाचे 720 रुपये नव्याने लागले आहेत. आणि ओला कचरा आवारातच जिरवणाऱ्या सोसायट्यांना सामान्य करात जी 5 टक्के सूट मिळायची, ती काढून टाकली आहे. आमच्या इमारतीतल्या 64 च्या 64 बिलांत हेच. चौकशी करायला मी प्रभाग कार्यालयात गेले. तिथे सांगितलं गेलं की सूट यंदापासून बंद आणि शुल्क सगळ्यांना सरसकट. मी म्हटलं, आमच्याकडून ओला कचरा तुमच्याकडे येतच नाही. त्यावर खिडकीतल्या कर्मचाऱ्याने विचारलं, "बाई, तुम्ही कचरा द्या नाहीतर देऊ नका, घंटागाडी दारात येते ना?"

त्या कर्मचाऱ्यावर माझा राग नाही. त्याच्यासमोर जो नियम होता तो त्याने सांगितला. पण त्या प्रश्नात तुमचं सगळं धोरण आलं आहे, आणि ते मला मान्य नाही. दोन लेखी अर्ज दिले, त्यांना आवक क्रमांक मिळाले, उत्तर मिळालं नाही. म्हणून आता सगळ्यांच्या देखत लिहिते आहे. शहराचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. दुसऱ्या शहरात राहणाऱ्यांनीही आपलं बिल काढून हे पत्र त्याच्याशी ताडून बघावं, अशी इच्छा आहे.

मी बँकेत 31 वर्षं काउंटरवर काढली आणि आता सोसायटीची खजिनदार आहे. त्यामुळे हिशेबापासून सुरुवात करते.

सात वर्षांपूर्वी आम्ही आवाराच्या मागच्या बाजूला विटांचे चार हौद बांधले. पहिले तीन महिने फार वाईट गेले. ओलं जास्त, कोरडं कमी, त्यामुळे हौदात अळ्या झाल्या आणि तळमजल्यावरच्या लोकांना खिडक्या उघडणं अशक्य झालं. सर्वसाधारण सभेत हौद पाडून टाकायचा ठराव आला आणि दोन मतांनी पडला. मग एका शेतकरी सभासदाने युक्ती सांगितली. प्रत्येक थरावर पालापाचोळा आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) टाका, आंबट ताकात गूळ कालवून शिंपडा, आणि दर चार दिवसांनी फावड्याने वरखाली करा. वास गेला. आज हौदाचं झाकण उघडलं तर पहिल्या पावसात जमिनीला येतो तसा वास येतो. आमच्याकडे काम करणाऱ्या ताई सकाळी साडेसातला येतात, प्रत्येक बादली हाताने चाळतात आणि चुकून आलेलं दुधाच्या पिशवीचं कापलेलं टोक, रबरबँड, भाजीच्या जुडीचा दोरा बाजूला काढतात. ते टोक कुणाच्या बादलीतून आलं हे त्यांना बरोबर कळतं, आणि त्या मजल्यावर जाऊन प्रेमाने सांगूनही येतात.

आता आकडे. रोज सरासरी 38 किलो ओला कचरा हौदात जातो. वर्षाला जवळजवळ 14 टन. ताईंचा पगार, कोकोपीट, कल्चर (कचरा लवकर कुजवणारं विरजण), फावडी-चाळणीची दुरुस्ती धरून महिन्याला साडेसात हजार, म्हणजे वर्षाला 90 हजार रुपये. दर घरामागे 1,400 रुपयांच्या आसपास. तुमच्या सवलतीतून घरटी साधारण 400 रुपये परत मिळत होते. म्हणजे सूट होती तेव्हाही आम्ही हजार रुपये पदरचेच घालत होतो, आणि त्याबद्दल आमची तक्रार नव्हती. आता ते 400 गेले आणि वर 720 आले.

आमच्या समोरच्या रस्त्यावर साधारण एवढीच मोठी दुसरी इमारत आहे. तिथे ओलं-सुकं एकाच पिशवीत भरून खाली ठेवतात. डायपर, उरलेली आमटी, नारळाच्या करवंट्या, काचेचे तुकडे, सगळं एकत्र. त्यांनाही 720 रुपयेच. हौद नाही, ताईंचा पगार नाही, सभेतली भांडणं नाहीत. कचरा कमी करणाऱ्याला वर्षाला 2,100 रुपये खर्च आणि न करणाऱ्याला 720, हा तुमच्या बिलाचा अर्थ आहे. आमच्याच सभासदांनी मला गेल्या सभेत विचारलं, मॅडम, मग आपण हे का करायचं? मी आजवर पर्यावरणाचं उत्तर देत आले. या वेळी हिशेबाचं उत्तर मागितलं गेलं आणि माझ्याकडे ते नव्हतं.

माणसं पैशाकडे बघतात यात कमीपणा काही नाही. उलट, मराठी घरांना कचऱ्याची किंमत कळते ती पैशामुळेच. मी गिरगावात वाढले. आरेच्या दुधाची काचेची बाटली रिकामी आणि विसळलेली नेली तरच भरलेली मिळायची, त्यामुळे आमच्या चाळीत बाटली फेकलेली मी कधी पाहिली नाही. बोहारीण दुपारी जिन्यात बसायची, आई जुन्या साड्या आणि बाबांच्या जुन्या पँट पुढे करायची आणि एका पातेल्यासाठी अर्धा तास घासाघीस चालायची. आई म्हणायची अजून एक पातेलं दे, ती म्हणायची अजून एक साडी टाका. रद्दीवाला आला की आजोबा त्याचा तराजू स्वतः धरून बघायचे. या सगळ्यात कुठेही फलक नव्हता, जनजागृती फेरी नव्हती. वस्तू परत दिली तर काहीतरी हातात पडायचं, एवढंच होतं, आणि ते पुरेसं होतं. आजही पुठ्ठा, पेपर, लोखंड, दारूच्या बाटल्या यांतलं काही तुमच्या घंटागाडीत फारसं येत नाही, कारण भंगारवाला त्याचे पैसे देतो. गाडीत येतं ते ज्याला कुणी पैसे देत नाही ते. ओला कचरा आणि वेफर्सची चकचकीत पाकिटं.

म्हणून माझी मूळ तक्रार 720 रुपयांची नाही. कचरा कमी करणाऱ्याला त्याचा मोबदला मिळाला पाहिजे, निदान दंड तरी होऊ नये, हे साधं तत्त्व तुम्ही बिलातून पुसून टाकलं आहे, ही माझी तक्रार आहे.

दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. कचरा गोळा करून डेपोपर्यंत नेणाऱ्या ठेकेदाराला आपल्याकडे टनावर पैसे दिले जातात. गाडी वजनकाट्यावर उभी राहते, आकडा पडतो, त्यावर बिल निघतं. जरा विचार करा. कचरा जितका जड, तितकं बिल मोठं. ओला कचरा सगळ्यांत जड असतो. आमच्या हौदात जिरणारे 14 टन ज्या दिवशी काट्यावर जायला लागतील, त्या दिवशी पालिकेचा खर्च वाढेल आणि ठेकेदाराचं उत्पन्न वाढेल. ठेकेदार प्रामाणिक असला तरी हे असंच होणार, कारण करारच तसा लिहिलेला आहे. म्हणजे नागरिकाला कचरा कमी केल्याचा फायदा नाही, ठेकेदाराला कचरा कमी झाल्याचा तोटा आहे, आणि या दोघांमध्ये उभी असलेली पालिका वर्षाला कोट्यवधी रुपये खर्चून 'कचरा कमी करा' असे फलक लावते. पैसा एका दिशेला ओढतो आहे आणि फलक दुसऱ्या दिशेला. लोक फलक वाचतात, पण वागतात पैशाप्रमाणे.

आणि ते 14 टन मग कुठे जातील तेही तुम्हाला माहीत आहे. ओला कचरा ढिगाखाली हवेशिवाय कुजला की मिथेन तयार होतो. जानेवारी 2016 मध्ये मुंबईतल्या देवनारच्या कचरा डेपोला लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती आणि धुरामुळे आजूबाजूच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. पुण्याच्या कचऱ्यासाठी उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी विहिरींचं पाणी गमावलं आणि वर्षानुवर्षं गाड्या अडवल्या. आपल्या डेपोशेजारच्या गावातही पावसाळ्यात काळं पाणी ओढ्याला उतरतं. आमच्या ताईंचं माहेर त्याच गावात आहे. हौदावर काम करताना त्या एकदा म्हणाल्या, "मॅडम, इथं जिरलं म्हणजे माझ्या भावाच्या दारात गेलं नाही." मी सात वर्षं हे काम चालू ठेवलं त्यामागे हे वाक्य आहे.

तिसरी तक्रार सुक्या कचऱ्याची. आपल्या शहरात वेचक बायका पहाटेपासून फिरतात. बाटल्या, पुठ्ठा, पत्रा यांचे पैसे त्यांना मिळतात. पण बिस्किटाचं पाकीट, शाम्पूची पुडी, वेफर्सची पिशवी यांना भंगारवाला हात लावत नाही, म्हणून त्याही उचलत नाहीत. त्यांनी का उचलावं? दिवसभर वाकून गोळा केलेल्या मालाला शून्य भाव असेल तर ते काम कुणीही करणार नाही. उत्पादकांवर प्लास्टिक परत घेण्याची जबाबदारी टाकणारे नियम देशात आहेत, पण त्यातला पैसा आमच्या गल्लीत कचरा वेचणाऱ्या हातापर्यंत पोचलेला मी पाहिलेला नाही.

पुण्याचं उदाहरण इथे द्यायला हवं, कारण ते आपल्या राज्यातलं आहे. 1993 मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने तिथे 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही कचरा वेचकांची संघटना उभी राहिली. पुढे त्यातूनच वेचकांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली. या सभासद घरोघरी जाऊन कचरा घेतात, घराकडून थेट मासिक शुल्क घेतात आणि सुक्या कचऱ्याच्या विक्रीचे पैसेही त्यांचेच असतात. इथे वजनकाट्यावर टन वाढवण्यात कुणाचाच फायदा नाही. जितकं चांगलं वेगळं केलं तितकं वेचकाच्या हातात जास्त पडतं. पुणे महापालिका मिळकत करात सूटही देते: सौरऊर्जा, गांडूळखत, पावसाचं पाणी जिरवणं यांपैकी एक असेल तर 5 टक्के, दोन असतील तर 10 टक्के. त्यातही त्रुटी आहेत, कागदोपत्री खत करणाऱ्या सोसायट्या तिथेही सापडतील. पण त्यावरचा उपाय तपासणी हा आहे. सूटच काढून टाकणं हा उपाय नव्हे. तुमच्या परिपत्रकात सूट रद्द करण्याचं कारण 'अनेक प्रकल्प बंद आढळले' असं दिलं आहे. बंद पडलेल्यांसाठी चालू असलेल्यांना शिक्षा, हे कुठल्या न्यायाने?

बाहेरच्या देशांतलं एकच उदाहरण थोडं विस्ताराने सांगते, कारण ते आपल्या बिलासारखं आहे. तैवानची राजधानी तैपेई इथे पूर्वी कचऱ्याचं शुल्क पाण्याच्या बिलातून, पाण्याच्या वापरावर घेत. म्हणजे जो जास्त आंघोळ करतो त्याला कचऱ्याचे जास्त पैसे. 2000 साली त्यांनी ते बंद केलं आणि ठरावीक छापील पिशव्या विकायला सुरुवात केली. उरलेला कचरा त्याच पिशवीतून द्यायचा, पिशवीच्या किमतीतच शुल्क. वेगळा केलेला पुनर्वापराचा माल मात्र फुकट नेला जातो. पिशवी लवकर भरली तर पैसे लवकर संपतात, एवढं साधं गणित. दक्षिण कोरियाने हीच पद्धत 1995 मध्ये देशभर लावली, आणि पुढे उरलेल्या अन्नासाठी इमारतींत वजन करणारे डबे बसवले. कार्ड दाखवलं की झाकण उघडतं, टाकलेलं अन्न तोललं जातं आणि त्या घराच्या नावावर पैसे लागतात.

हे जसंच्या तसं आपल्याकडे आणा, असं मी म्हणत नाही, आणि यावर आमच्या सोसायटीतच बराच वाद झाला. पिशवीमागे पैसे लावले तर लोक रात्री स्कूटरवरून येऊन नदीकाठी पिशवी भिरकावतील. आजही पुलाचा कठडा बघा, जाळी बसवूनही उकिरडा झालेला आहे. दुसरं, वस्तीतल्या चार-पाच माणसांच्या घरात जेवढा कचरा होतो त्यापेक्षा आमच्या दोघांच्या घरात जास्त होतो, कारण आमच्याकडे रोज कुरियरचे डबे येतात. त्या घरावर पिशवीचा खर्च टाकणं अन्यायाचं होईल. खरं तर आजचं सरसकट शुल्कही त्यांच्यावर अन्यायच करतं. म्हणून माझं मत असं आहे की आपण दंडापासून सुरुवात करू नये, परताव्यापासून करावी. जो कमी करतो त्याला द्या. घेण्याचं नंतर बघू.

परताव्याची सवय लागते याला पुरावेही जवळच आहेत. तमिळनाडूत निलगिरीच्या डोंगरात 2022 पासून सरकारी दुकानातल्या दारूच्या बाटलीवर 10 रुपये जास्त घेतात आणि रिकामी बाटली परत केली की ते मिळतात. हेतू हा की काचेचे तुकडे जंगलात हत्तींच्या पायाखाली येऊ नयेत. गोव्याने 2024 मध्ये अशीच अनामत परताव्याची योजना अधिसूचित केली. महाराष्ट्राने तर मार्च 2018 मध्ये प्लास्टिकबंदी करताना दुधाच्या पिशवीवर 50 पैसे परताव्याची तरतूद केली होती. ते 50 पैसे माझ्या हातात कधी पडले नाहीत. आमच्या इमारतीत रोज शंभरावर दुधाच्या पिशव्या येतात. तो परतावा खरोखर मिळाला असता तर त्या सगळ्या धुऊन, वाळवून, रबर लावून खाली आल्या असत्या, कारण आमच्या बिल्डिंगमधल्या आजी अजूनही सवयीने त्या धुऊन दोरीवर वाळत घालतात.

आता मागण्या.

ओला कचरा आवारात जिरवणाऱ्या सोसायट्यांची सूट चालू वर्षापासूनच परत द्या. आणि ती ठोकळ 5 टक्के नको. एक टन कचरा गोळा करून, वाहून नेऊन त्याची विल्हेवाट लावायला पालिकेला किती खर्च येतो तो आकडा जाहीर करा, आणि जो टन तुमच्यापर्यंत आलाच नाही त्याच्या खर्चातला निम्मा हिस्सा सोसायटीला द्या. आमच्या बाबतीत ते 14 टनांचे होतील. निम्मा तुम्हाला उरेल. यात पालिकेचा तोटा कसा होतो, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

तपासणी करा, आणि न सांगता करा. वर्षातून तीनदा आरोग्य निरीक्षक पाठवा, हौदात हात घालू द्या. प्रकल्प बंद असेल तर सूट काढाच, वर दंडही घ्या. प्रामाणिक सोसायट्यांना याची भीती नाही. आतापर्यंत मात्र सूट मिळण्यासाठी दरवर्षी नवा अर्ज, नवी छायाचित्रं, तीन सह्या आणि दोन खेपा लागायच्या. तो त्रास कमी करा.

वेगळा केलेला कचरा देणाऱ्या घरांना उपयोगकर्ता शुल्कात निम्मी सवलत द्या. कुणाचा कचरा वेगळा येतो हे गाडीवरच्या मुकादमाला आणि वेचक ताईंना आजही नेमकं माहीत असतं. वस्तीतल्या छोट्या घरांना हे शुल्क पूर्ण माफ करा.

ठेकेदाराचा पुढचा करार करताना मिश्र कचऱ्याच्या टनावर पैसे देणं थांबवा. किती घरांकडून वेगळा कचरा आला आणि डेपोवर जाणारं वजन किती घटलं, यावर पैसे द्या. हा करार याच आर्थिक वर्षात संपतो आहे, म्हणून ही मागणी सगळ्यांत तातडीची आहे. एकदा सही झाली की पुढची कित्येक वर्षं आपण सगळे त्याला बांधले जाऊ.

आणि ज्या प्लास्टिकला भंगारात भाव नाही, त्याला पालिकेने किलोमागे किमान भाव जाहीर करून प्रभागातल्या संकलन केंद्रावर ते वेचकांकडून विकत घ्यावं. पैसे उत्पादकांकडून वसूल करा, राज्य सरकारकडे तसा आग्रह धरा. पण वेचकाला वाट बघायला लावू नका, तिला त्याच दिवशी रोख मिळाले पाहिजेत.

नगरसेवकांना एक वेगळी विनंती. सूट रद्द करण्याचा विषय सभेत आला तेव्हा त्यावर किती मिनिटं चर्चा झाली, हे तुम्ही आपापल्या प्रभागातल्या मतदारांना सांगा. कुणी विरोध केला असेल तर तेही सांगा, आम्ही त्याचे आभार मानू.

आमच्या सभासदांची पुढची सर्वसाधारण सभा दिवाळीनंतर आहे. हौद चालू ठेवायचे की बुजवून तिथे गाड्या लावायच्या, असा विषय कार्यक्रमपत्रिकेवर आला आहे. गेल्या वेळी दोन मतांनी वाचलेले हौद या वेळी वाचतीलच, असं मी खात्रीने सांगू शकत नाही. त्याआधी तुमचं लेखी उत्तर आलं तर मी ते सभेत वाचून दाखवेन, जे असेल ते.

प्रत्यक्ष बघायला यायचं असेल तर रोज सकाळी साडेसात ते नऊ ताई हौदावर असतात. सात वर्षांची रोजच्या वजनाची वही तिथेच, खिळ्याला टांगलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत आहे.

आपली नम्र,
64 घरांच्या एका सोसायटीची खजिनदार